दुसऱ्या बाजूची गाठ

होळी होऊन महिना झाला तरी बिजलीबाई रोज संध्याकाळी रुईचं पान तव्यावर शेकून रामलाल नायकांच्या छातीवर बांधत होती. बंजारा तांड्याच्या रिवाजानं होळीला बायांनी काठ्या घेऊन पुरुषांना बडवलं, तेव्हा तिची काठी नवऱ्याला निसटती लागली होती. मग तिथंच, उजव्या बोंडाखाली, गाठ आली.

"माह्या हातानं झालं," ती म्हणायची.

"होऊन जाते बरी," म्हणत नायक सदऱ्याच्या गुंड्या लावून घ्यायचे.

तशीच गाठ डावीकडेही होती. ती त्यांनी बायकोला दाखवली नव्हती. एका काठीनं दोन्हीकडे सूज येत नाही, हे त्यांना कळत होतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरची गोळी चालू होती, आणि त्यांची बहीण भुरीबाई छातीच्या गाठीनंच गेली होती. आजार वर चढला, असं त्यांनी मनाशी धरलं. बिजलीला काठीचा दोष वाटतो तर वाटो. खरं कळण्यापेक्षा ते हलकं.

तपासणीची तारीख आली तशी दोघं यवतमाळला गेली. डॉक्टर समीक्षा मॅडमनी सदरा काढायला लावला.

"बाबा, हे पान कशाचं?"

"काठी लागली ना मॅडम," बिजलीबाई खाली मान घालून म्हणाली. "म्याच मारली."

मॅडमनी उजवीकडे चाचपलं, मग डावीकडे. "इकडंही मारली का?"

"नाई जी. तिकडं कायले मारू?" बिजलीबाई उठून जवळ आली. तिनं पाहिलं. "हे कधीपासून हाय?"

नायक पंख्याकडे पाहत राहिले. "आजार वर चढला ना?" त्यांनी मॅडमलाच विचारलं. "भुरीचं असंच झालतं."

मॅडमनी सोनोग्राफी करायला पाठवलं. दुपारी रक्ताचा रिपोर्टही आला.

"कॅन्सर वर चढला नाही," मॅडम म्हणाल्या. "उलट खाली पुष्कळ दबला आहे. तुमच्या अंगातलं पुरुषी हार्मोन खालच्या, प्रोस्टेटच्या गाठीला पोसत होतं. तिथल्या पेशींना त्याच्यासाठी दारं असतात. आपली गोळी त्या दारातच बसली, त्याला आत जाऊ देत नाही. मग ते रक्तात हिंडतं, त्यातलं थोडं बायकी हार्मोन बनतं. त्याची दारं छातीत असतात. म्हणून ही सूज. दुखणं कमी करता येईल, पण गोळी सोडायची नाही."

नायक ओशाळले. "म्हंजे मी बाई होऊन राह्यलो का?"

"बाबा, ते हार्मोन प्रत्येक पुरुषात थोडं असतंच. त्याच्याशिवाय बीजही नीट तयार होत नाही. लेकरं किती तुम्हाला?"

"पाच."

"मग तेव्हाही होतंच."

बिजलीबाई पदर तोंडाला लावून हसली. बाहेर पायरीवर आल्यावर मात्र तिचा आवाज चढला.

"महिनाभर मले पापात ठेवलं तुमी. काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू रडली असती."

"आन् आता कोन रडून राह्यलं?"

नायकांनी गालाला हात लावून पाहिला. गाल ओला होता. त्यांनी शेल्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि भूक लागल्याचं सांगितलं.