बटाट्याचं पाणी

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. अंगावर पांढरा मुलामा, काठाला निळी रेघ आणि एका कानापाशी टवका उडालेला. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, मासेमारीच्या एका लहानशा गावात, आस्ताच्या शेगडीवर माझा जन्म गेला. कारखान्याच्या भट्टीतून नवा कोरा बाहेर पडलो, तेव्हा आपल्यात मुरांबे रटरटतील अशी मला फार आशा होती. नशिबी आले बटाटे. रोज बटाटे!

पण मान होता हो! आस्ता लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या सासूने पहिला धडा दिला तो माझ्यावरच. बटाटे शिजले की झाकण किंचित सरकवायचं, मला तिरपं करायचं आणि सगळं पाणी शेजारच्या तव्यात मांसाच्या खरवडीवर ओतायचं. मग पीठ, मग साय. झाला तपकिरी रस्सा. "हे पाणी मोरीत गेलं तर याद राख, सूनबाई," म्हातारी म्हणायची. "सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतं." आस्ताने ते कधी मोरीत जाऊ दिलं नाही. तिच्या रश्शाची बंदरावर वाहवा व्हायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मग तिच्या नवऱ्याची, आयनरची, मूत्रपिंडं दमली. डॉक्टर म्हणाले, अन्नातलं पोटॅशियम आता रक्तात साठतंय, ते फार वाढलं तर हृदय बंद पडेल. केळी बंद, टोमॅटो बंद, संत्र्याचा रस बंद. बटाटे सोलून बारीक चिरायचे आणि भरपूर पाण्यात उकडायचे, म्हणजे पोटॅशियम पाण्यात उतरतं. आस्ताने ते जिवापाड पाळलं. बटाटे इतके बारीक चिरले की मलाच त्यांची कीव यायची. आणि पाणी? पाणी नेहमीच्या जागी गेलं. तव्यात.

तुम्हाला वाटेल, एवढं कसं कळलं नाही? अहो, त्या घरात रस्सा म्हणजे रस्सा. तो कशाचा होतो, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि सांगावं असं कुणाला सुचलं नाही.

रक्ततपासणीत आकडा चढतच गेला. आस्ताचा जीव घाबरा झाला आणि घाबरली की ती भांडायची.

"बंदरावर जाऊन काय हादडतोस, सांग बघू."

"अगं, काही नाही. कॉफीसुद्धा अर्धा कप घेतो."

"मग रक्त काय खोटं बोलतं? केळं खाल्लंस ना? त्या मित्रांनी दिलं असेल!"

"नाही खाल्लं, आस्ता. शप्पथ."

ती त्याच्या कोटाचे खिसे हुंगायची. तो म्हातारा माणूस हात वर करून उभा राहायचा. हे मला बघवत नसे. मग तिलाच गलबलून यायचं. त्याच्या ताटातले बटाटे ती आणखी कमी करायची आणि त्यावर पळीभर रस्सा जास्त वाढायची. "घे रे. तेवढंच तोंडाला चव."

मी काय करणार? मला ना तोंड, ना हात. पाण्याला उकळी आली की मी झाकण जिवाच्या आकांताने बडवायचो. "हा टोपही म्हातारा झाला. नुसता खडखडतो," असं म्हणून आस्ता आच कमी करायची.

एका दुपारी जेवता जेवता आयनरच्या हातातून काटा गळून पडला. ओठ निळे झाले. आस्ताच्या किंकाळीने शेजारी धावले आणि रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. तो वाचला. परत आला तो काठी टेकत, आणि कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "मी केळं नव्हतं खाल्लं."

तो घरी आला म्हणून आस्ताने साग्रसंगीत जेवण मांडलं. त्याचा रक्तदाब बघायला फिरती नर्स सीसेल आली होती. बटाटे शिजले. आस्ताने मला उचललं, झाकण सरकवलं आणि तव्याकडे वळली. तिच्या हातातून निसटून सगळं पाणी सांडून टाकावं असं मला वाटलं. तेही जमलं नाही.

"आस्ता, थांबा," सीसेल म्हणाली. "ते पाणी कुठे ओतताय?"

"रश्शात. आणि कुठे?"

"रोज?"

आस्ताने तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आयनरकडे. तिने मला सरळ केलं आणि झाकण घट्ट बसवलं. मग आस्ता स्वतःच मोरीपाशी गेली आणि तिने ते पाणी ओतून दिलं. सासूची क्षमा मागितली की नवऱ्याची, कोण जाणे. तिचे ओठ हलत होते.

त्या दिवशी आयनर नुसते बटाटे चावत राहिला. "कोरडे आहेत गं," तो म्हणाला.

"आहेत."

"मी केळं नव्हतं खाल्लं."

"माहीत आहे रे," आस्ता म्हणाली आणि ताटावर मान घालून रडू लागली. आयनरने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मित्रांनो, आता माझं पाणी मोरीत जातं आणि माझी वाहवा संपली. त्याचं मला काही वाटत नाही. एवढंच मागतो: तुमच्या घरातलं आजारी माणूस "मी खाल्लं नाही" म्हणालं, तर त्याचे खिसे हुंगू नका. आधी स्वयंपाकघरात या आणि आमची झाकणं उघडून बघा. आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण आम्हाला बोलता येत नाही. त्या आजारी माणसाला येतं.