कोटांच्या आडोशाला

बाईंनी मँडोलिन हातात घेतलं तेव्हा त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. कपडे लहान-मोठे करून देणं हा त्यांचा धंदा. लांब पँट, घट्ट झालेला कोट, उसवलेलं अस्तर, अडकलेली चेन, असलं सगळं त्यांच्याकडे यायचं आणि दोन दिवसांत धडधाकट होऊन परत जायचं. घराच्या पुढच्या खोलीत मशिन आणि मागच्या खोलीत संसार. गिऱ्हाईक त्यांना बाई म्हणे, शेजारी बाई म्हणत, आणि नवरा, जो शाळेची बस चालवायचा, तोही चिडवायच्या लहरीत असला की बाईच म्हणे.

मँडोलिन धाकट्या दिराचं. परगावी नोकरी लागली तेव्हा, "वहिनी, हे सामानात मावत नाही, राहू द्या तुमच्याकडे," म्हणून तो ठेवून गेला. दोन वर्षं ते कपाटावर धूळ खात पडलं. एकदा पुसायला खाली काढलं, फडक्याचा कोपरा तारेत अडकून सुटला, आणि जो आवाज निघाला तो विरेपर्यंत बाई फडकं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात नाव घातलं. वर्गात बाकी सगळी पंचविशीच्या आतली. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. सुईच्या कामाने बोटं तयार होती, तारा त्यांना टोचल्या नाहीत.

दीड वर्षाने वर्गाच्या मॅडमनी सगळ्यांना सांगितलं, "एक धून घरी वाजवा, रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. आपण वाजवतो ते आपल्याला आतून ऐकू येतं, आणि आतलं ऐकणं फार लबाड असतं. एकदा बाहेर उभं राहून ऐका."

बाईंनी फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकलं तर पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवतंय असं वाटलं. नवऱ्याला ऐकवलं. तो विचार करून म्हणाला, "वाईट नाही. बसच्या मागे लावतो, रिव्हर्स घेताना माणसं बाजूला होतील."

बाई हसल्या, पण ते त्यांच्या मनाला लागलं. कोटांच्या हंगामात बाजूला टाकलेली थोडी रक्कम होती. ती पर्समध्ये घालून त्या कानवाल्यांच्या दुकानात गेल्या.

कानवाले म्हणजे रेडिओ केंद्रात तीस वर्षं आवाज नोंदवायचं काम करून निवृत्त झालेले गृहस्थ. एका अरुंद गाळ्यात ते नवे-जुने माइक, वायरी आणि हेडफोन विकत. विकत म्हणजे काय, बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला परतच पाठवत. त्यांनी बाईंना बसायला स्टूल दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "खोली कशी आहे?"

"मला माइक हवाय. घर नाही दाखवायचं."

"माइक आधी खोली ऐकतो, ताई. तुम्हाला नंतर. रस्ता जवळ आहे? फरशी की लाकूड? फ्रिज कुठे आहे?"

बाईंनी सांगितलं. रस्ता खिडकीला खेटून. फरशी. फ्रिज भिंतीपलीकडे, आणि तो म्हातारा झालाय, कण्हतो. कानवाल्यांनी मान डोलावली. मग त्यांनी एका स्टँडवर चंदेरी जाळीचा माइक लावला, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या एका पेटीत त्याची वायर खोचली आणि जाडजूड हेडफोन बाईंच्या कानांवर बसवले.

"आता काहीतरी करा. तुमच्या हातचं, रोजचं."

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. कानवाल्यांच्या बाहीचं बटण लोंबत होतं. ते त्या आल्यापासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होतंच. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला, "हात इकडे करा," म्हणाल्या आणि माइकसमोर त्यांची बाही धरून बटण शिवायला घेतलं.

सुई कापडात शिरली आणि बाई थांबल्या.

त्यांना वाटलं, काहीतरी दुसरं वाजलं. त्यांनी सुई हळू ओढली. पुन्हा घातली. दोन आवाज होते. टोक कापडात शिरताना एक बारीक टक, पिकलेलं बी फुटावं तसा. मग मागून दोरा येताना एक लांबलचक सरसर, लांबून कुणी वाळूवरून चालत यावं तशी. प्रत्येक टाक्याला तेच. बटणाच्या भोकाच्या काठाला दोरा घासला तर तिसराच एक सूर. चाळीस वर्षं त्यांनी सुई धरली होती. लाखो टाके झाले असतील. प्रत्येक टाका असा बोलत होता, आणि त्यांना ठाऊकच नव्हतं.

बटण कधीच घट्ट झालं होतं तरी त्या शिवतच राहिल्या. कानवाल्यांनी हात काढून घेतला नाही.

शेवटी त्यांनी दोरा तोडला, तो तुटल्याचाही आवाज ऐकला आणि हेडफोन न काढताच मोठ्याने म्हणाल्या, "हाच द्या."

"हा तुमच्या घरी चालणार नाही."

"का? पैसे कमी पडतात?"

"पैशांचं नाही. हा फार ऐकतो. याला पडदे लावलेली, शांत खोली लागते. तुमच्याकडे हा रस्ता ऐकेल, फ्रिज ऐकेल, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण ऐकेल, आणि त्या गर्दीत तुमचं मँडोलिन शोधत बसेल." त्यांनी खालच्या फळीवरून काळ्या रंगाचा, पोचे आलेला एक साधा माइक काढला. "हा थोडा बहिरा आहे. तोंडासमोर जे असेल तेवढंच ऐकतो. तुमच्यासाठी हा."

बाईंचा चेहरा पडला. त्या सुईनंतर बहिरा माइक घेऊन जायचं म्हणजे जिवावर आलं. कानवाल्यांना ते दिसलं असावं. ते म्हणाले, "असं करा, दोन्ही न्या. शनिवारी एक परत आणा. कुठला ते मी सांगणार नाही."

बाकीचं मात्र त्यांनीच ठरवलं. माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी ती छोटी पेटी एका माइकची, जुनी पण चांगली. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, नाहीतर त्यातला आवाज गळून पुन्हा माइकमध्ये शिरतो. स्टँड साधा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. लॅपटॉप मुलीने घरी टाकलेला होता, तो चालेल म्हणाले. बाईंनी स्पीकर विचारले तर म्हणाले, "ते दोन वर्षांनी. आत्ता त्या पैशांत तारांचे चार संच घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा बसवर गेल्यावर बाईंनी मशिन झाकून ठेवलं आणि आधी अर्थातच चंदेरी माइक लावला. हेडफोन कानावर चढवले आणि मँडोलिन उचलायचं विसरून गेल्या. घर भरून वाहत होतं. फ्रिजचं कण्हणं, नळाचा थेंब, त्या थेंबाला बादलीने दिलेलं उत्तर. रस्त्यावरून सायकल गेली तर तिची साखळी मोजता यावी इतकी स्पष्ट. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. भिंतीतून कुणाचं तरी खोकणं. बाईंनी आवंढा गिळला, आणि तो त्यांनाच विहिरीत दगड पडल्यासारखा ऐकू आला. या घरात त्या सत्तावीस वर्षं राहत होत्या. शांत घर आहे, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत होत्या.

तासाभराने त्यांनी एकदाचं मँडोलिन वाजवलं. कानवाले म्हणाले होते तसंच झालं. धून होती, पण बाजारात हरवलेल्या मुलासारखी.

मग त्यांनी काळा माइक लावला. वाद्याच्या गळ्यापासून एक वीतभर लांब, जरासा वर तोंड करून, कानवाल्यांनी दाखवला होता तसा. गर्दी खरंच मागे हटली. तरी खोलीचा एक पोकळ घुमारा उरला होता, फरशीवरून उसळून येणारा. बाईंनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात चाकांच्या लोखंडी दांडीवर गिऱ्हाइकांचे सोळा-सतरा जाड कोट लटकत होते. त्यांनी दांडी ओढत आणली, त्यातले काही कोट दाराला आणि कपाटाला टांगले आणि मधे स्टूल टाकून बसल्या. लोकरीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांनी टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. जाड कापड आवाज पितं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. फक्त आजवर कधी त्याचा उपयोग पडला नव्हता.

धून त्यांनी एका दमात वाजवली. मग डोळे मिटून ऐकायला बसल्या.

मँडोलिन होतं. थोडं अडखळणारं, पण गोल, लाकडाचं, खरं. आणि त्याच्या खाली कुणीतरी गुणगुणत होतं.

बाईंनी हेडफोन काढले. खोलीत कुणी नव्हतं. दाराबाहेर डोकावून पाहिलं, जिनाही मोकळा. पुन्हा ऐकलं. एक खालचा, खर्जातला आवाज, तोंड मिटून काढलेला. तो मँडोलिनची धून म्हणत नव्हता. तिच्या बाजूने चालला होता. ती वर गेली की तो खाली थांबून वाट बघायचा, ती परतली की तिला हाताला धरून घ्यायचा. मँडोलिन अडखळलं तिथेही तो अडखळत नव्हता. अशी दुसरी चाल वर्गात कुणी शिकवली नव्हती.

त्यांनी पुन्हा रेकॉर्ड केलं, या वेळी, आपलंच तोंड तर नाही ना हे बघायला, ओठांमध्ये टाचण्यांची डबी घट्ट धरून. गुणगुणणं गेलं. पण बोटंही लाकडाची झाली, धून मेल्यासारखी वाजली. बाईंनी डबी बाजूला ठेवली.

शाळेत असताना स्नेहसंमेलनाच्या आधी गाण्याच्या सरांनी त्यांना रांगेतून बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." इतर मुलींच्या मानाने त्यांचा आवाज जाड होता. त्या दिवसापासून त्यांनी एक ओळ कुणासमोर म्हटली नव्हती. लेकीला झोपवतानाही थोपटूनच झोपवलं होतं.

संध्याकाळी नवरा आला. कोटांच्या भिंतीत बायको बसलेली पाहून तो दारातच थबकला. "दुकान हलवलं का?"

"इकडे या. हे ऐका आणि सांगा, कोण आहे."

त्याने बूट न काढताच हेडफोन लावले. अर्धी धून ऐकून म्हणाला, "कोण म्हणजे? तू."

"मी गात नाही."

"अगं, मशिनवर बसलीस की हेच तर चालतं. लग्न झाल्यापासून ऐकतोय. मोठ्या कामाला मोठं, काज-बटणाला बारीक."

"मग कधी बोलला का नाहीत?"

तो गोंधळला. "मला काय माहीत तुला माहीत नाही म्हणून? मशिनच्या खडखडाटात तुला ऐकू येत नसेल." मग हेडफोन हातात फिरवत म्हणाला, "खरं सांगू? सांगितलं तर थांबशील असंही वाटायचं."

सत्तावीस वर्षं या खोलीत कुणीतरी गात होतं, आणि ऐकणाराही होता.

शनिवारी त्या चंदेरी माइक घेऊन दुकानात गेल्या. कानवाल्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यांदा, मग दुसऱ्यांदा. बटणवाला हात त्यांनी कानावर दाबून धरला होता. "आम्ही केंद्रात हा खालचा आवाज शोधत फिरायचो," ते म्हणाले. "वरचे आवाज पुष्कळ येतात. पाया घालणारा मिळत नाही."

बाईंनी घाईने विचारलं, "मग आता दुसरा माइक लागेल का? गळ्यासाठी?"

"नाही. आधी मँडोलिन घ्या. ते कानात लावून त्यावर गळा घ्या. मग वाटलं तर आणखी एक गळा. एकावर एक, अस्तरावर कापड चढवता तसं. माइक एकच पुरतो. तुम्ही पुरणार का तेवढं बघा."

बाईंनी पुढचा सगळा आठवडा रोज दुपारी एक तास दिला. पहिल्यांदा तोंड उघडून गायला बसल्या तेव्हा आवाज फुटेना. त्या माइककडे बघत नुसत्या बसल्या. शेवटी समोरच्या एका करड्या कोटाची बाही मुठीत धरली आणि सुरुवात केली. ज्याचा कोट त्या माणसाला हे कधी कळणार नव्हतं. एक गळा झाला. मग त्यावर दुसरा, जरा वरचा. मग अगदी खालचा तिसरा, ज्याला शब्द नव्हते, नुसता आ.

चौथ्या दिवशी त्यांनी सगळं एकत्र लावलं. आपल्याच आजूबाजूला आपण उभ्या आहोत, असं त्यांना वाटलं. डावीकडची धीट होती, उजवीकडची थोडी लाजरी, मागची म्हातारी आणि ठाम. एकमेकींना त्या जागा करून देत होत्या. एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी पुढे होत होती. हे त्यांनी ठरवून केलेलं नव्हतं. कुठे साठलं होतं इतकी वर्षं, आणि कुठून एवढं शहाणपण घेऊन बाहेर आलं, याचा त्यांना पत्ता लागेना. भीती वाटावी इतकं ते मोठं होतं. त्या कोटांमध्ये बसून राहिल्या आणि धून संपली की पुन्हा सुरू करत राहिल्या.

कुणीतरी दार वाजवलं. एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं होतं. "बाई, झालाय का?"

"झालाय," बाई म्हणाल्या. "पण दोन मिनिटं थांबा. तो आत्ता कामात आहे."