पाखरं झोपेत गातात

हिंदी मुलखातल्या एका शहरात, लक्ष्मी गेटजवळच्या घरात आभा मराठीत विचारायची आणि कॉलेजात जाणारी लेक नीरजा हिंदीत उत्तर द्यायची. आपल्यामागे या घरात मराठी कोण बोलणार, हा घोर आभाच्या जिवाला लागलेला.

दुपारी दोघी कूलरसमोर लवंडल्या होत्या. नीरजा मोबाइलवर काहीतरी वाचत होती.

"सुनो आई, चिड़िया नींद में भी गाने का रियाज़ करती है. गला हिलता है, बस आवाज़ नहीं निकलती."

"हे कुणी पाहिलं?"

"साइंटिस्ट लोगों ने."

"त्यांना घरी बरं कुणी कामं सांगत नाही."

हसता हसता नीरजाचा डोळा लागला. वाळ्याच्या ओल्या वासात खोली जणू तरंगू लागली. आभा पेंगुळल्या डोळ्यांनी लेकीच्या गळ्याकडे बघत राहिली. तो खरंच हलला. मग ओठ हलले आणि अगदी आभाच्याच ठसक्यात शब्द आले, "माझा लाडू कुणी खाल्ला?"

आभा जवळ सरकली. कुजबुजत म्हणाली, "मी खाल्ला गं," आणि उत्तराची वाट बघत राहिली.

"मग दुसरा कर," नीरजा झोपेतच म्हणाली आणि कुशीवर वळली.

आभा पावलं न वाजवता उठली आणि बेसन भाजायला गेली.