बत्तिसावं नाव

लढाई संपून वर्ष होत आलं तेव्हा लकडगंजातल्या कर्त्या माणसांच्या लक्षात आलं, की आपल्या बागेत शहिदांचं स्मारक नाही. आणि एकदा लक्षात आल्यावर कुणालाच दम धरवेना. कमिटी झाली. माझे सासरे मधुकरराव, म्हणजे मामंजी, तिचे सचिव झाले आणि दर रविवारी आमच्या बैठकीत चहाच्या कपांबरोबर चर्चा रंगू लागली. अध्यक्ष भैयाजींना कारंजं हवं होतं.

"कारंज्यात पोट्टे पोहतीन गा भैयाजी," मामंजी म्हणाले. "अन् उन्हाळ्यात पानी काय तुमी आनान? साधा दगड उभा करू, नावं कोरू."

दगडाला पाणी लागत नाही, हा मुद्दा निर्णायक ठरला.

लग्न होऊन मला पाच महिने झाले होते. नव्या सुनेनं बैठकीत बोलायचं नसतं, पण तिचं अक्षर चांगलं असेल तर तिच्याकडून लिहून घ्यायला हरकत नसते. नावांची यादी माझ्याकडे आली. सरकारी कागदावरून एकतीस नावं उतरवली, आणि ज्यांचं माणूस यादीतून सुटलं असेल त्यांनी दुपारी घरी येऊन कळवावं, असं मामंजींनी सगळीकडे सांगून ठेवलं. सुटलेल्यांपैकी एकच आली. वच्छला. माझ्याहून चारदोन वर्षांनी मोठी, कुहीजवळच्या खेड्यातली. बुधवार होता. घरात मी एकटीच होते, कारण हे दर बुधवारी धानाच्या खरेदीसाठी कुहीला जात.

आडनाव, गाव, पलटण, सगळं तिनं भराभर सांगितलं. नावापाशी मात्र थांबली.

"नाव कसं घेऊ वैनी?"

"मग मला ओळखता येईल असं काही सांगा."

ती लाजत म्हणाली, "करंगळीवर पहाड उचलला तो."

मी ओळखलं, आणि मलाही ते म्हणता येईना. ते नाव मी आयुष्यात एकदाच, लग्नात, उखाण्यात घेतलं होतं. माझा चेहरा पाहून ती समजली. "तुमचे बी तेच का वं?" म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. म्हणता येत नसलं तरी लिहिता येत होतं. कच्च्या यादीत मी बत्तिसावं नाव लिहिलं. आडनाव तेवढं वेगळं.

कमिटीच्या अर्जात ओळखीच्या खुणांसाठी एक ओळ होती. ती कशासाठी, हे कमिटीलाही ठाऊक नसावं, पण ओळ आहे म्हणून मी विचारलं.

"डाव्या कानामागं तीळ," ती म्हणाली. "झोपते तवा मुठी मिटून झोपते. अन् हाक मारली तर लगेच ओ देत नाही, आधी मागं वळून पाह्यते. जसं दुसऱ्याच कोनाले बलावलं."

माझा टाक थांबला. तीळ कुणालाही असतो. मुठीसुद्धा मिटत असतील. पण हाक मारल्यावर मागं वळून पाहण्याची यांची ती खोड फक्त माझीच आहे, म्हणजे फक्त मला ठाऊक आहे, असं मी पाच महिने समजत होते.

"पाहायचे," मी हलकेच दुरुस्त केलं.

"पाह्यते," ती म्हणाली. "तार आली, सामानाची पेटी आली, सारं झालं. तरी दर बुधवारी दुपारी येते. बोलत नाही. मी वाढतो, तो जेवते, अन् दिवे लागाच्या आत जाते. मले भेव नाही लागत वैनी. पन लय थकलेला दिसते. नाव दगडावर चढलं का त्याले बसाले जागा भेटन. मंग नाही येनार."

ती एस.टी. पकडायला निघून गेली. संध्याकाळी हे आले. वह्या-नमुन्यांची पिशवी खुंटीला लावली आणि पाटावर बसताच म्हणाले, भूक नाही.

"कुहीत जेवलात का?"

त्यांनी ताट पुढं सरकवलं. "आठवत नाही," म्हणाले. ते खोटं बोलत असते तर किती बरं झालं असतं. मी चार दिवस रुसले असते, माहेरी पत्र लिहिलं असतं, काहीतरी रीतसर करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाथरवटाकडे द्यायची पक्की यादी लिहिताना एकतिसाव्या नावाखाली मी रेघ मारली. नाव चढलं की तो येणार नाही, असं ती म्हणाली होती. कुणाच्या घरी येणार नाही, हे मला तिला विचारता आलं नव्हतं. मी काही खोडलं नाही, फक्त पुढं लिहिलं नाही, असं इतकी वर्षं मनाशी म्हणत आले आहे. मामंजींनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. "याले म्हनते अक्षर," म्हणाले आणि सही केली. नावं न मोजताच ते सही करतील, हे मला ठाऊक होतं.

पाहुण्यांना बुधवारच मोकळा होता, म्हणून अनावरण बुधवारी झालं. धानाचा हंगाम असल्यानं हे कुहीला गेले होते. भाषणं झाली, हार पडले, माणसं पांगली. वच्छला तेव्हा पुढं आली. धुतलेलं हिरवं लुगडं नेसली होती. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठं हाये वैनी?"

मी तिचा हात धरला आणि एकतिसाव्या नावावर ठेवला. कुठल्याशा अनोळखी माणसाच्या. एका एका अक्षराच्या खाचेतून तिनं बोट फिरवलं, फार हळू, आणि शेवटच्या अक्षराशी ते थांबलं. मला वाटलं आता ती रडेल. मग मी खरं सांगून टाकेन.

"नाही वैनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमलेल्या माणसाची समजूत तेवढी होती. "तो अजून उभाच हाये."

आमच्या मागं, मुरमाच्या वाटेवर, पावलं वाजली आणि थांबली. दोघींपैकी कुणीच वळून पाहिलं नाही. घरचा माणूस आल्यावर घ्यावा तसा आम्ही दोघींनी एकाच वेळी डोक्यावर पदर घेतला, आणि मध्ये एका माणसापुरती जागा करून बाजूला सरलो.