तेरावी खुर्ची

आमच्या ख्रिस्ती मंडळीला ना घंटा, ना बाक, ना पगारी पाळक. रविवारी माझं ब्यूटी पार्लर बंद असतं, तेव्हा आरशांसमोर बारा खुर्च्या मांडून आम्ही प्रार्थना करतो. नियम एकच. तेरावा माणूस आला की गट फोडायचा आणि अर्ध्यांनी दुसऱ्या घरी नवी मंडळी सुरू करायची. म्हणून गेलं वर्षभर आम्ही कोणाला बोलावलंच नव्हतं. त्यावर बोलायचोही नाही.

नवरा गेल्यापासून हीच माझी माणसं, आणि त्यांत नर्समावशी म्हणजे माझा जीव. तिच्याशिवाय रविवार? नावच काढू नका.

मग एकदा पार्लरचं बेसिन तुंबलं. प्लंबर आला, तर त्याला नसत्या चौकशा फार. "इतक्या खुर्च्या कशाला? प्रार्थना सांगतं कोण? मी आलो तर चालेल?"

"जागा नाही," मी फटकन म्हणाले. दिवसभर ते मनाला लागून राहिलं.

रविवारी गडी दारात हजर, बगलेत घडीची खुर्ची! "जागेचा प्रश्न मिटला," म्हणाला.

मावशी हसू दाबत होती. माझं मात्र डोकं तडकलं. सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं, "दादा, खुर्चीचं नाही हो. तुम्ही आलात की नियमाप्रमाणे आमची ताटातूट होते."

त्याला राग आला नाही. उलट कुतूहलानं विचारलं, "मग तुम्ही आलात, तेव्हा कोणाची झाली?"

चार वर्षांपूर्वी तेरावी मीच होते, माझ्यामुळेच गट फुटून पार्लरात आला; पण हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं. मी मावशीकडे पाहिलं.

"माझी आणि धाकट्या बहिणीची," मावशी म्हणाली. "जन्मभर शेजारी बसलो होतो. पण तू नवीन, त्यात एकटी. कोणीतरी तुझ्यासोबत इथे यायला हवं होतं."

"बोलली नाहीस कधी!"

"बोलले असते तर तू टिकली असतीस का?"

मला रडू आवरेना. चहूकडे आरसे, लपायचीही सोय नाही.

प्लंबर बिचारा निघायच्या बेतात होता. "बसा हो," मी डोळे पुसत म्हणाले. "तुमच्या घरी किती माणसं मावतील?"

"सहा-सात. दाटीवाटीनं."

"मग पुढच्या रविवारी तुमच्याकडे येणारी पहिली मी," असं म्हणून मी पार्लरची किल्ली मावशीच्या हातात ठेवली.