एकसारखा अंबाडा

माझी नात नेत्रा एक वर्षाची झाली तेव्हा तिचं जावळ काढायचा हट्ट मी धरला. रीत आहे, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. जावळ काढलं की नवे केस चांगले येतात, असं आमच्याकडे म्हणतात. आणि माझ्या मनात चांगले म्हणजे सरळ. माझ्यासारखे. तिच्या आईसारखे नव्हेत.

तिची आई, माझी सून जनेल, ह्यूस्टनच्याच एका कृष्णवर्णीय घरातली. तिनं दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाली. ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडमधल्या आमच्या मागच्या अंगणात माझ्या मुलानं, शंतनूनं, लेकीला मांडीवर घेतलं आणि मशीन फिरलं. चार महिन्यांत केस परत आले, होते तसेच. बारीक, घट्ट वळलेले, खाली पडण्याऐवजी वर वाढणारे. त्या केसांनी माझं ऐकलं नाही.

आता नेत्रा नऊ वर्षांची आहे. यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात बारा मुलींचा नाच होता आणि नेत्रा पहिल्या रांगेत, मधोमध. नाच वसुधा बसवत होती. गुरुवारी तालीम संपल्यावर तिनं मला बाजूला घेतलं.

"काकू, एक रिक्वेस्ट होती. नेत्राचे केस रविवारच्या आधी स्ट्रेट करून आणाल का? माझी पार्लरवाली शनिवारी वेळ देईल. नाहीतर अंबाडा बसणारच नाही."

"आणि नाही बसला तर?"

"बाराही मुलींचा अंबाडा एकसारखा हवा ना. पुढच्या रांगेत एकीच्या डोक्यावर फुगा दिसला, तर लोक तिकडेच बघणार. मग मला तिला मागे घ्यावं लागेल. मला आवडणार नाही, पण घ्यावं लागेल."

"असा नियम कुणी केलाय?"

वसुधा हसली. "तुम्हीच. एकोणनव्वद साली. मी बारा वर्षांची होते. ओला कंगवा घेऊन तुम्ही माझे केस इतके मागे ओढलेत की भुवया वर गेल्या. फोटो आहे माझ्याकडे. सबंध नाचात मी आश्चर्यचकित दिसतेय."

खरंच होतं. मंडळाचा पहिला नाच मीच बसवला होता. एक माप, एक उंची, एकही बट बाहेर नको, असं मी मुलींच्या आयांना कागदावर लिहून दिलं होतं. त्या वेळी आम्ही ह्यूस्टनमध्ये मोजकी घरं होतो आणि आपली मुलं नीटनेटकी दिसावीत याची मला फार धास्ती असायची. कुणाच्या नजरेत नीटनेटकी, हे मी कधी विचारलं नाही.

गाडीत नेत्रा मागच्या सीटवर होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आजी, व्हॉट इफ आय जस्ट गेट इट स्ट्रेट? लाइक युअर्स."

"माझे आहेत कुठे आता?" मी म्हटलं. ती हसली नाही.

जनेल तेलकंपनीत इंजिनीअर आहे. ती दहा दिवस कामासाठी नॉर्वेला गेली होती आणि नाच झाल्यावरच परतणार होती. केस धुणं, विंचरणं, वेण्या घालणं हे तिचं आणि नेत्राचं रविवारचं काम. जाताना तिनं मला एवढंच सांगितलं होतं: आई, केस तुटू नयेत म्हणून रात्री सॅटिनची टोपी घाला तिला, बाकी मी आल्यावर करीन.

मला वाटलं, केस सरळ न करताही अंबाडा बसेल. आयुष्यभर किती डोकी विंचरली मी. शुक्रवारी शाळेतून आल्यावर तिला स्टुलावर बसवलं आणि माझ्या आईची शिसवी फणी काढली. केस कोरडे होते. मुळापासून फणी घातली. ती दोन बोटांवर अडकली. मी ओढलं, वसुधाचे ओढले होते तसंच. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. फणीच्या दातांत केसांचा पुंजका होता, मधेच तुटलेल्या केसांचा.

नेत्रानं स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. रडली नाही. म्हणाली, "मम्मा डझंट डू इट लाइक दॅट."

मी फणी ठेवून दिली. तो पुंजका मात्र हातातच राहिला आणि मला चौऱ्याहत्तर साल आठवलं.

मी तेव्हा इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागले होते. कमरेखाली जाईल एवढी वेणी होती. आमच्या वरच्या बाईंनी एकदा मला जवळ बोलावून अगदी मायेनं सांगितलं, तुझ्या तेलाचा वास इतरांना सहन होत नाही, आणि केस थोडे लहान केलेस तर बरं दिसेल. कुणी सक्ती केली नव्हती. शनिवारी मी वेणी मानेपाशी कापून घेतली. पुढे दिवाळीला आईनं फोटो मागवला. मी एका मैत्रिणीकडून गंगावन मागून आणलं, लहान केसांना बांधलं आणि फोटोला बसले. आईनं उत्तर पाठवलं, अमेरिकेचं पाणी तुला मानवलेलं दिसतंय, केस किती दाट झालेत. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. मी ते फारसं वाचत नाही.

वसुधाही गोड बोलूनच विचारत होती.

शनिवारी सकाळी मी जनेलला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती. तिला तुटलेले केस दाखवले. तिनं ते निरखून पाहिले. मग इंग्रजीत, सावकाश म्हणाली, "आई, फोन आरशाला टेकवून ठेवा. आणि पाण्याची बाटली घ्या."

चार तास लागले. आधी पाणी, केस गार लागेपर्यंत. मग बोटांना सहज सरकेल इतकं कंडिशनर. मग केसांचे आठ भाग करून सात चिमट्यांत बांधायचे आणि एकच हातात घ्यायचा. विरळ दातांचा कंगवा, तोही टोकापासून. टोक सुटलं की इंचभर वर, मग आणखी इंचभर. मुळाशी पोचायला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. तेल सगळ्यात शेवटी.

"आधी तेल का नाही?" मी विचारलं. आमच्याकडे सगळं तेलापासून सुरू होतं.

"तेल ओलावा देत नाही, धरून ठेवतं," जनेल म्हणाली. "आधी धरायला काहीतरी हवं ना. आणि कपाळाजवळ ओढू नका. तिथले केस एकदा गेले की परत येताना फार त्रास देतात."

डोक्याला लागून बारीक वेण्या घालायला तिनंच शिकवलं. माझ्या पहिल्या दोन वेण्या वाकड्या गेल्या. "धिस वन लुक्स लाइक अ रिव्हर," नेत्रा आरशात बघून म्हणाली. "राहू दे," मी म्हटलं, "नदी आहे ती."

नेत्रा पाणी प्यायला गेली तेव्हा मी फोनकडे वळले.

"जनेल, ते जावळ मी रीत म्हणून नव्हतं काढलं. मला वाटलं होतं सरळ येतील."

"माहीत होतं मला."

"मग हो का म्हणालीस?"

"ते तसेच परत येणार, हेही मला माहीत होतं."

रविवारी नेत्रा सॅटिनच्या टोपीतून उठली ती तयारच. बारीक वेण्या वर गेलेल्या, आणि माथ्यावर मोकळ्या केसांचा मोठा गोल. त्याच्याभोवती मी मोगऱ्याचा गजरा फिरवला. पिनसुद्धा लागली नाही. केसांनी फुलं आपणहून धरली.

हॉलच्या मागच्या खोलीत वसुधा जेल आणि जाळी घेऊन उभी होती. नेत्राला बघून तिचा हात खाली आला.

"काकू, आपलं ठरलं होतं."

"तू सांगितलं होतंस. मी हो म्हटलं नव्हतं."

"पण नियम..."

"माझा होता. चुकीचा होता. छत्तीस वर्षं चुकीचा होता. तुझ्या भुवयांबद्दल माफी मागते."

दोन मुली फिसकन हसल्या. वसुधा हसली नाही. "बाकीच्या आयांना काय सांगू? चाळीस मिनिटं लागली एकेकीच्या अंबाड्याला. नेत्रा, बेटा, जस्ट फॉर टेन मिनिट्स. वरून जाळी लावू, नाहीतर मागच्या रांगेत उभी राहा."

नेत्रा तिच्या हातातल्या जाळीकडे बघत होती. मला वाटलं, आता ती माझ्याकडे बघेल. बघितलं नाही.

"नो थँक यू," ती म्हणाली. "आजी टुक फोर अवर्स. अँड आय नो द फ्रंट रो स्टेप्स."

"दिवा लावायला मलाच बोलावलंय," मी वसुधाला म्हटलं. "संस्थापक म्हणून. हातात माईक देणार आहेत. अंबाड्याचा नियम रद्द झाला हे मी तिथं सांगू, की तू इथं सांगतेस?"

वसुधाचा हात कपाळाच्या कडेला गेला, केस सुरू होतात तिथं. तिथं तिचे विरळच आहेत.

"काकू, म्हातारपणी तुम्ही फार आगाऊ झालात."

"हो. उशीर झाला जरा."

तिनं जाळी पर्समध्ये टाकली आणि मुलींना म्हणाली, "चला, रांग लावा. नेत्रा मधे."

मी दिवा लावला आणि दोन वाक्यं बोलून खाली येऊन बसले. पडदा उघडला. अकरा अंबाडे आणि मधोमध तो काळाभोर गोल, पांढऱ्या गजऱ्यासकट. माझ्या मागच्या ओळीत कुणीतरी काहीतरी कुजबुजलं. पहिल्या गिरकीतच एका मुलीचा गजरा सुटून स्टेजवर पडला. नेत्रा त्याच्यावरून अलगद उडी मारून पुढे आली.

लोक तिकडेच बघत होते. बघू देत.