माझ्या मागच्या दोन लिंका

दगड दिसला की माझी चाकं शिवशिवतात, मित्रांनो! मी एक जुनी क्रॉलर गाडी आहे. रिमोटवर चालणारी, कुशीत मावेल एवढी. भुर्रकन पळणाऱ्या गाड्यांशी माझी बरोबरी नाही. माझं काम हळूहळू खडक चढण्याचं.

मी दुकानातून आले नाही. नाशिकच्या इंदिरानगरातल्या मयुरेशने बँकेची नोकरी सांभाळून मला एकेक भाग जोडत घडवलं. माझ्या चाकांचे ॲक्सल सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांना लिंका म्हणतात. त्याही त्याने स्वतः कापल्या. जेवणाच्या टेबलावर मी अशी ताठ उभी राहिले, की बघणारा म्हणे, "वा!" खरं सांगते, मला गर्वच चढला.

आणि गर्वाचं घर खाली! हरसूलच्या वाटेवरच्या ओढ्यात एक काळा खडक चढताना मी मागच्या मागे उलटले. पुन्हा चढवलं, पुन्हा उलटले. जमलेले क्रॉलरवाले पोट धरून हसले. घरी येताच मयुरेशने मला माळ्यावर टाकलं. तिथे मी धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं.

मग एका रविवारी त्याने मला खाली काढलं आणि त्याच्या मित्राला, अल्तमशला, बोलावलं. अल्तमशच्या गाडीची मोटर जळाली होती. "हिची मोटर घेऊन जा. ही काही चढायची नाही," मयुरेश म्हणाला. मोटर गेली की उरलेली मी भंगारात, हे मला कळून चुकलं.

अल्तमशने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, स्वयंपाकघरातला वरवंटा आणून त्याने माझ्या मागच्या एका चाकाखाली सरकवला. चाक जरासं वर गेलं आणि कट्ट! मी जागीच अडकले, शेजारचं चाक हवेत.

"मयुऱ्या, बघ ना. मागच्या चाकांच्या वरच्या दोन लिंका आखूड झाल्यात. चाक वर गेलं की अडकतात, मग अख्खी गाडी उलटते. तू हिला सपाट टेबलावरच बघत बसला यार!"

"अरे, माझा वरवंटा!" मयुरेशची आई कुसुमताई आतून ओरडल्या. "ठेचा काय आता गाडीवर वाटू?"

"दोन मिनिटं, काकू!"

"पण तुझी मोटर?" मयुरेशने हळूच विचारलं.

अल्तमशने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "राहू दे. हिला मारून माझी कशाला चालवू?"

दोघांनी मिळून लांब लिंका कापल्या आणि सांगाड्यावर त्यांच्यासाठी जरा पुढे नवी भोकं पाडली. आता वरवंट्यावर एक चाक चढलं, तरी बाकीची तीन जमीन सोडीनात.

परवा पुन्हा त्या खडकापाशी गेलो. अल्तमश रिकाम्या हातांनी आला होता. मयुरेशने रिमोट त्याच्या हातात दिला. "तू चढव."

मी चढले, मित्रांनो! माथ्यावर पोचले तेव्हा ते दोघे शाळकरी पोरांसारखे ओरडत होते.

एखादी वस्तू चालेनाशी झाली, तर तिचे भाग काढून घेण्याआधी ती नेमकी कुठे अडते, एवढं बघा. माझी मोटर आज माझ्याच पोटात घुमते आहे. जिला ती मिळायची होती, ती गाडी अजून बंद आहे.